परमनंट आहे का?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या कार्यालयात पोस्त वाटले जाते. कार्यालय म्हणजे जिन्याखालची अर्धी खोली. पत्र्याचे एक कपाट, जुन्या पाणीपट्टीच्या पावत्यांचा कुबट वास आणि एक डगमगते टेबल एवढेच तिथे मावते. त्या टेबलावर पांढऱ्या पाकिटांची चळत लावून सेक्रेटरी बसतात आणि यादीतली नावे एकेक करून पुकारतात. वॉचमन, पोस्टमन, पाणी सोडणारा माणूस, कचऱ्याच्या गाडीवरची मुले आणि सर्वांत शेवटी आमची गल्ली झाडणाऱ्या दोघी. त्यांतली एक तिशीची आहे, दुसरी पन्नाशी ओलांडलेली. तिला सगळे मावशी म्हणतात. दोघींचे काम एक, गल्ली एक, सकाळची वेळही एकच. यंदा पाकिटे हातात घेताना सेक्रेटरींनी खजिनदारांना हळू आवाजात सांगितले, "परमनंटवालीला पाचशे, कॉन्ट्रॅक्टवालीला दोनशे." मी म्हटले की मावशी तर इमारतीला मागचा रंग लागला त्याच्याही कितीतरी आधीपासून येते. त्यावर ते जराही न खवळता, उलट मला एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही अशा समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, पण ती परमनंट नाही ना."

मावशी दारातच उभी होती. रबरी हातमोजे कमरेला खोचलेले, पदर डोक्यावरून घट्ट बांधलेला. उत्तर तिनेच दिले. "असू द्या ताई. बरोबरच आहे त्यांचं. ती परमनंट आहे."

तिच्या आवाजात नाराजी असती तर मला बरे वाटले असते. पण तो सूर तक्रारीचा नव्हता. रांगेत आपला नंबर कुठे आहे हे पक्के ठाऊक असलेल्या माणसाचा तो सूर होता. पगारातला फरक पालिकेने आणि कंत्राटदाराने ठरवलेला आहे, त्यात आमचा हात नाही, असे म्हणून एक वेळ सुटका करून घेता येते. पोस्त मात्र आमचे होते. त्याला ना शासन निर्णय, ना वेतनश्रेणी, ना लेखापरीक्षण. तरी तिथेही आम्ही त्या एका शब्दाप्रमाणे माणसे लावली, आणि जिला कमी मिळाले तिलाही त्यात वावगे वाटले नाही. हे मला पुढे बरेच दिवस छळत राहिले.

हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही. शहरात तो परमनंट असतो, माझ्या आजीच्या तोंडी तो परमंट होता आणि त्याच्या उलट असलेला शब्द ती टेंपरवारी असा उच्चारत असे. आपण तो कशालाही लावतो. कोणाची सर्दी परमनंट असते, कोणी परमनंट गिऱ्हाईक असतो, कोणी मित्र परमनंट उशिरा येतो. लर्निंग लायसन्सनंतर मिळते ते परमनंट, आणि त्या परमनंट लायसन्सवर मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. आयकर खाते तर आणखी उदार. जन्मात कोणत्याही नोकरीत कायम न झालेल्या माणसाच्या खिशातही त्याने परमनंट अकाउंट नंबर ठेवला आहे. अर्थ विचारलाच तर आपण सांगू की परमनंट म्हणजे टिकणारे, कायमचे. गंमत अशी की जे खरोखर टिकते त्याला कोणी हा शब्द लावत नाही. सह्याद्रीला परमनंट म्हणत नाहीत. चार पिढ्या वापरलेल्या तांब्याच्या घंगाळाला म्हणत नाहीत. जिथे शंका घेता येते तिथेच हा शब्द येतो, आणि मराठी घरांत सर्वांत जास्त शंका नोकरीबद्दल घेतली जाते.

माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात होते. लग्न जुळत होते तेव्हा ते बदली होते, म्हणजे कोणी कामावर आले नाही तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते घेतले जाणारे कामगार, आणि आईच्या वडिलांनी मुलाचे शिक्षण, घरदार, जमीनजुमला यांतले काहीही विचारण्याआधी "मुलगा परमंट की बदली?" एवढेच विचारले, हे आई आम्हाला हसत सांगे. उत्तर ऐकून आजोबा गप्प झाले, पण मुलाचा मामा जॉबर, म्हणजे खात्यात माणसे कामाला लावणारा मुकादम आहे हे कळल्यावर त्यांनी चहा घेतला. जॉबर मामा असणे म्हणजे आज ना उद्या परमनंट होणे, असा सरळ हिशेब होता. गिरणी मालकांच्या संघाने १९३५ च्या सुमारास बदली कंट्रोल नावाची पद्धत आणली होती. पास असलेल्या बदलीवाल्यांनाच आधी काम मिळावे आणि जॉबरच्या मर्जीला लगाम बसावा असा तिचा हेतू होता. लगाम बसला असेलही, पण माझ्या आजोबांना मात्र जॉबरच्याच नावाने धीर आला.

बदलीचे जगणे कसे होते हे मला आईच्या डब्याच्या गोष्टीतून कळले. पहिल्या पाळीचा भोंगा सातला व्हायचा, आणि वडील साडेसहालाच पास घेऊन फाटकाशी उभे असत. कामावरच्या कोणाचा खाडा पडला असेल तर त्याच्या साच्यावर यांना घेत. नसेल तर परत. त्यामुळे डबा द्यायचा की नाही हा रोजचा पेच असे. दिला आणि काम मिळाले नाही तर आठ वाजता तो तसाच भरलेला घरी येई. न देता काम लागले तर माणूस दिवसभर उपाशी राही. आई रोज देत असे. चाळीच्या जिन्यावर वडिलांची पावले आठच्या सुमारास वाजली की ती वर न पाहता ताटे मांडायला घेई, कारण मग भाकरी गरम असतानाच घरातल्या सगळ्यांनी ती वाटून खायची असे ठरलेले होते. भरलेला डबा हातात घेऊन घरी येणाऱ्या माणसाला काही विचारायचे नसते, हे तिला सासूने पहिल्याच आठवड्यात शिकवले होते.

बदलीवाल्याला स्वतःचा साचा नसतो. आज तुकारामच्या साच्यावर, उद्या दगडूच्या. कोणीतरी आजारी पडावे, कोणाच्या गावी कोणी वारावे, कोणाला दारू जास्त व्हावी, तेव्हा यांच्या घरी पगार. वडील फार भाविक होते, आणि दुसऱ्याचे वाईट व्हावे असे त्यांनी कधी मनात आणले नसेल. पण त्यांचे काम दुसऱ्याच्या गैरहजेरीवर चालत होते हे त्यांनाही कळत होते. सर्वांत मोठी पंचाईत गणपतीत होई. कोकणातले परमनंट कामगार गणपतीला गावी जात, खात्यात साच्यामागून साचे रिकामे पडत, आणि बदल्यांना सलग काम मिळण्याचे ते मोजके दिवस असत. त्यामुळे माझ्या वडिलांनी घरच्या गणपतीची कितीतरी वर्षे पाहिलीच नाहीत. इतरांच्या घरी गणपती बसावा म्हणून यांनी त्यांचे साचे चालवले. गावात भाऊबंद म्हणत, शहरात जाऊन देवाला विसरला.

ते परमनंट झाले त्या दिवशी चिवडा गल्लीतून पावशेर चिवडा आला, एवढेच आईला आठवते. रोजाचा दर तोच राहिला, खातेही तेच आणि कानठळ्या बसवणारा आवाजही तोच. त्या आवाजामुळे ते घरातही ओरडूनच बोलत, आणि आम्ही समोर गेल्याशिवाय त्यांना आमचे बोलणे कळत नसे, कारण खात्यात ओठ वाचायची सवय झालेली. बदलले ते एवढेच की त्यांच्या खाड्याला आता रजा म्हणू लागले. बदलीवाला आला नाही तर तो नुसता आला नाही; त्याची कुठे नोंद होत नाही, कारण त्याची वाट कोणी पाहत नव्हते. परमनंट माणूस आला नाही तर त्याची जागा रिकामी राहते, त्या जागेवर दुसरा बसवला जातो आणि परत आल्यावर त्याला उठावे लागते. त्या वर्षी वडील गणपतीला गावी गेले. एस.टी.च्या लाल डब्यात रात्रभर मांडीवर ट्रंक घेऊन बसले होते म्हणे. त्यांच्या साच्यावर कोण बदली उभा होता हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक असण्याची गरज उरली नव्हती. माझ्या मते परमनंट या शब्दाचा आपल्याकडचा खरा अर्थ तिथे आहे. माणूस किती वर्षे टिकला याच्याशी त्याचा संबंध नाही. आपण नसताना आपली जागा आपलीच राहणे, म्हणजे परमनंट.

या अर्थाला एक नकोशी बाजूही आहे, आणि ती मला घरातच दिसली. जरा मोठी झाले तेव्हा वडिलांच्या तोंडून मी "बदल्यांचा काय भरवसा" हे वाक्य अनेकदा ऐकले. साचा नीट न सांभाळणारा, धागे तुटलेले ठेवून जाणारा, पुढच्या माणसाला शिव्या खायला लावणारा तो बदली. पास घेऊन फाटकाशी उभ्या असलेल्या पोरांबद्दल ते असे बोलत, तेव्हा आई फक्त एकदा त्यांच्याकडे पाही आणि कामाला लागे.

मग १८ जानेवारी १९८२ आली. कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या त्या गिरणी संपाबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी पुन्हा सांगायला नको. मला त्यातली एकच गोष्ट इथे हवी आहे. संपाच्या मागण्यांत बदलीवाल्यांना कायम करा ही मागणी होती, आणि संपात उतरलेल्या अडीच लाखांपैकी कित्येकांना ती मागणी दुसऱ्यासाठी वाटत होती, कारण ते स्वतः परमनंट होते. वडील पहिल्या महिन्यात रोज एकच वाक्य म्हणत: "साचा कुठे जातोय?" आता वाटते की संप म्हणजे तरी काय, तर सगळ्यांनी मिळून गैरहजर राहणे, आणि आपली जागा आपली वाट पाहील याची खात्री असल्याशिवाय माणूस असे गैरहजर राहू शकत नाही. बदलीवाल्याने वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या गैरहजेरीवर पोट भरले होते, त्यामुळे गैरहजर राहण्यातला धोका त्याला पाठ होता. परमनंट झालेला मात्र तो धोका विसरला होता. आमच्या घरातही असेच झाले.

तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. काही गिरण्या थोड्या माणसांवर पुन्हा सुरू झाल्या, काहींनी जुन्यांना परत घेतलेच नाही, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर निघू लागले आणि १९९१ नंतर गिरण्यांपेक्षा त्यांच्या जमिनींनाच भाव आला. साचा कुठे जातोय या प्रश्नाचे उत्तर भंगाराच्या भावात मिळाले. वडिलांचे वाक्य बंद झाले ते नेमके कधी हे आम्हाला कोणालाच सांगता येत नाही. त्या शब्दाचा मान मात्र घरातून गेला नाही, याचेच मला आजही नवल वाटते. त्याच शब्दाने इतके फसवल्यावर तरी त्यांनी आम्हा मुलांना "नोकरी बघाल ती परमनंटच बघा" असे सांगायला नको होते. पण ते सांगत राहिले, आणि पेपरमधली भरतीची जाहिरात वाचताना बोट त्या शब्दावर थांबवत राहिले.

पुढे गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली तेव्हा त्या शब्दाचा हिशेब सरकारी पद्धतीने झाला. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेला कामगार पात्र, असा नियम. त्यासाठी गिरणीचे तिकीट, ई.एस.आय.चे कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती, हजेरीचा दाखला, यांतले काहीतरी पुरावा म्हणून लागे. २०१२ मध्ये म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली, ६,९२५ घरांची. अर्जदार त्याच्या कित्येक पटींनी होते आणि बाकीचे अजून वाट पाहत आहेत. आमचाही अर्ज आहे, आता आईच्या नावावर. ट्रंकेतून कागद काढताना वडिलांच्या बदलीच्या काळातला पास सापडला. त्याच्या कडा झिजून मऊ पडल्या होत्या, मधली घडी रोज खिशात जाऊन येऊन फाटायला आली होती. परमनंट झाल्यावरचे तिकीट मात्र कोरे करकरीत होते, कारण ते कोणाला दाखवावेच लागले नव्हते.

माझा मामा सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर होता आणि त्याच्या कागदावर "हंगामी कायम" असे लिहिलेले असे. लहानपणी आम्ही त्याला यावरून चिडवायचो. हंगामी म्हणजे थोड्या दिवसांचा आणि कायम म्हणजे कायमचा, मग मामा नक्की कोण? मामा शांतपणे सांगे की गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याने मला बोलवायचेच, आणि हंगाम संपला की घरी बसल्याचेही मला काही पैसे द्यायचे. त्या पैशांना सगळे रिटेन्शन म्हणत. उन्हाळ्यात मामा अंगणातल्या खाटेवर पडून असायचा आणि कारखाना त्याला पडून राहण्याचे पैसे द्यायचा, यापेक्षा मोठी चैन आम्हा मुलांना तेव्हा ठाऊक नव्हती. आज कळते की हंगामी कायम हा शब्द मुळीच उलटसुलट नाही. उलट परमनंटचा अर्थ इतका चोख दुसऱ्या कोणत्याच शब्दात उतरलेला नाही. माणूस सहा महिने नसतो, तरी जागा त्याचीच असते.

त्याच अर्थाचा औद्योगिक वसाहतींनी केलेला हिशेब मी माझ्या आतेभावाकडून ऐकला. तो आधी सातपूरला आणि मग चाकणला अशा नोकऱ्या करत फिरला. त्याच्या तोंडी दोनशे चाळीस हा आकडा सतत असे. बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरले की महाराष्ट्रातल्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरच्या, म्हणजे कारखान्यांतल्या नोकरीच्या नमुना नियमांच्या ४-सी कलमाप्रमाणे टेंपररी किंवा बदली कामगाराला कायम करावे लागे, म्हणून सात महिन्यांची ऑर्डर द्यायची आणि मग ब्रेक. ब्रेक हा शब्द तो असा उच्चारायचा की ऐकणाऱ्याला वाटावे, माणूस चहा प्यायला गेला आहे. महिनाभर घरी बसून तो पुन्हा त्याच कंपनीच्या फाटकाशी जाई, तेव्हा टोकन नवे, कंत्राटदार नवा, कधी पदाचे नावही नवे: कधी ट्रेनी, कधी हेल्पर. कामगाराला वर्षानुवर्षे बदली, कॅज्युअल किंवा टेंपररी म्हणून ठेवून कायमपणाच्या लाभांपासून दूर ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. इतके नेमके लिहावे लागले, याचा अर्थ करणारे तेव्हाही तितक्याच नेमकेपणाने करत होते. ब्रेकमधली युक्ती दिवस वाचवण्याची नाहीच. गैरहजेरीत जागा आपली राहते असे माणसाला एकदाही वाटू नये, म्हणून त्याला सातव्या महिन्यानंतर मुद्दाम गैरहजर करायचे आणि परत आल्यावर अनोळखी म्हणून आत घ्यायचे.

सरकार तरी यात मागे का राहील? माझी वहिनी ज्या शाळेत शिकवायची ती "कायम विनाअनुदानित" होती. इथे कायम हा शब्द शिक्षकाला न लागता अनुदान न मिळण्याला लागला होता. म्हणजे शाळेत परमनंट काय होते, तर पगार नसणे. शिक्षकांच्या आंदोलनांनंतर २००९ मध्ये शासनाने त्यातला कायम हा शब्द वगळला. त्या दिवशी वहिनीच्या शाळेत पेढे वाटले गेले. कोणत्या तरी कागदावरून कायम हा शब्द गेला म्हणून शिक्षकांनी पेढे वाटावेत, हे दृश्य महाराष्ट्राबाहेर कोणाला समजावून सांगायचे म्हटले तर तासभर लागेल. अनुदान पुढे वीस टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने येत राहिले, आणि तोवर वहिनीने घरी शिकवण्या धरल्या होत्या. सरकारी खात्यांतल्या कंत्राटी लोकांचे दार तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाने बरेचसे लोटले गेले: रीतसर भरतीशिवाय घेतलेला माणूस केवळ पुष्कळ वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क सांगू शकत नाही. निकालामागचा विचार मला कळतो. मागच्या दाराने भरलेली माणसे कायम होत गेली तर पुढच्या दाराशी अर्ज घेऊन उभ्या असलेल्यांवर अन्याय होतो. फक्त मागचे दार उघडणारा वेगळाच असतो आणि ते बंद झाल्यावर आत अडकणारा वेगळा, एवढेच.

आता पुन्हा मावशीकडे यायला हवे, कारण पोस्ताच्या दिवशीची ती समजूत कुठून आली हे मला नंतर तिच्याशी बोलताना थोडे कळले. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेली तिची जोडीदारीण परमनंट कशी, असे मी विचारले. "लाड-पागे," मावशी म्हणाली. एखाद्या योजनेचे नाव घ्यावे तसे तिने ते घेतले नाही. त्या शब्दाला आता त्या वस्तीत हळदीकुंकवाइतका रोजचा उच्चार आहे. सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी देण्याची शिफारस करणारी ती समिती. त्या मुलीला सासूच्या जागी नोकरी मिळाली. म्हणजे सासू निवृत्त झाली तरी जागा घरातच राहिली. ही खरी सोय आहे, आणि तिच्यामागे एक कडवट गोष्टही आहे, कारण परमनंट नोकरीबरोबर झाडूही एका घरातून त्याच घरात गेला, आणि हे घर कोणत्या वस्तीत असते ते आपल्या सगळ्यांना न सांगता कळते. ती मुलगी बारावी झालेली आहे. तिला दुसरे काही करायचे होते का, हे मी विचारू शकले नाही.

मावशीची गोष्ट वेगळी. तिचे कंत्राटदार बदलत राहिले. एकाची मुदत संपली, दुसरा आला, त्याला निविदा पुन्हा मिळाली नाही, तिसरा आला. प्रत्येकाने गणवेशाचा रंग बदलला आणि ओळखपत्र नवे दिले. बदलली नाही ती फक्त मावशी. पालिकेच्या कागदावर जी कधीच कायम नव्हती तीच त्या गल्लीत सर्वांत जास्त काळ टिकली. मुंबईत अशाच २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला होता, हे तिला ठाऊक आहे. "ते मुंबईचे," ती म्हणाली, आणि विषय संपवला. मी विचारले, आजारी पडल्यावर काय करतेस? तिने सांगितले की सुनेला पाठवते. एक दिवस जरी जागा रिकामी दिसली तरी मुकादम दुसरी बाई उभी करतो. तापात असताना ती स्वतः सुनेबरोबर आली होती आणि पाणपोईच्या कट्ट्यावर बसून राहिली होती, मुकादमाला चेहरा दिसावा म्हणून. इतक्या वर्षांत ती एक दिवसही गैरहजर नाही, आणि हे तिने अभिमानाने सांगितले नाही. पोस्तातले तीनशे रुपये कमी का, हे तिला माझ्यापेक्षा चांगले समजलेले होते. जोडीदारीण बाळंतपणाला सहा महिने नव्हती, परत आली आणि आपल्या निम्म्या गल्लीत उभी राहिली. त्या सहा महिन्यांत पूर्ण गल्ली मावशीने झाडली. परमनंट म्हणजे काय, हे यापेक्षा स्वच्छ तिला कोणी सांगितले नसते. पुढच्या दिवाळीत दोन्ही पाकिटे सारखी असावीत असा ठराव मी सोसायटीच्या सभेत मांडणार आहे. तो मंजूर होईल असे वाटते, कारण प्रश्न तीनशे रुपयांचा आहे. पाच हजारांचा असता तर मी इतक्या खात्रीने बोलले नसते.

अलीकडे या शब्दाला एक प्रतिस्पर्धी आला आहे. फिक्स्ड टर्म. २०१८ मध्ये सर्वच उद्योगांना अशा ठरावीक मुदतीच्या नेमणुका करण्याची मुभा मिळाली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यात चांगले काही नाही असे म्हणता येणार नाही. कायम कामगाराइतकाच पगार आणि सोयी द्याव्या लागतात, आणि ग्रॅच्युइटीसाठी परमनंटला पाच वर्षे लागतात तिथे याला वर्षभर पुरते. आतेभावाच्या सात महिन्यांच्या ऑर्डरीपेक्षा हे कितीतरी सभ्य आहे. फक्त जागा किती दिवस आपली, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलेले असते, आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण झाले नाही तर ती कामगार कपात धरली जात नाही, अशी तरतूद तर कायद्यात १९८४ मध्येच आली होती. त्यामुळे का काढले, असे विचारायला जागा उरत नाही. कोणी काढलेलेच नसते. मराठीत मात्र फिक्स होणे म्हणजे पक्के होणे. लग्न फिक्स होते, सौदा फिक्स होतो, तारीख फिक्स होते.

गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी पेढे घेऊन आल्या. मुलाला चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. माझी आई तेव्हा आमच्याकडेच होती. तिने पेढा हातात घेतला, पण तोंडात न टाकता विचारले, "परमनंट आहे का?"

"फिक्स आहे, आजी," वहिनी म्हणाल्या. "लेटरवरच लिहून दिलंय, फिक्स म्हणून."

मुलगा मागेच उभा होता. तो जरा अवघडला आणि म्हणाला, "दोन वर्षांसाठी फिक्स."

आईने क्षणभर हिशेब केला आणि पेढा तोंडात टाकला. "मग याचं लग्न दोन वर्षांच्या आत उरका," ती वहिनींना म्हणाली.